बाबांच्या टॉकीजबद्दल, झुरिकहून

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार. आजीला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा, मोबाइलवरची बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत.

आधी तुमच्या काळज्या. मी नीट जेवते. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला सगळं मिळतं, थोडं महाग पडतं एवढंच. व्हिडिओत चेहरा उतरलेला दिसतो तो इथल्या दिव्यांमुळे, वजन काही कमी झालेलं नाही. थंडी आहे पण घरात हीटर असतो, पुण्यात डिसेंबरात पहाटे नळाखाली हात धरताना जेवढी कुडकुडायचे तेवढी इथे घरात कधी कुडकुडत नाही. रात्री उशिरा ट्राममधून बायका एकट्या येतात-जातात, मीही येते, तेव्हा आई प्लीज दर वेळी "पोचलीस का" म्हणून जागी राहू नकोस.

आणि रात्री दहा वाजता कपडे कसले धुतेस हे तू सारखं विचारतेस ना, तर एकदाच सगळं सांगते. इथे मशीन आपापल्या घरात नसतं. म्हणजे काहींकडे असतं, पण आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमध्ये तळघरात एक खोली असते आणि सगळ्यांनी मिळून तिथलंच एक मशीन वापरायचं. दारावर तक्ता लावलेला असतो, प्रत्येक घराचा वार आणि वेळ ठरलेली, माझी पाळी आली की खोलीची किल्ली आधीच्या बाईंकडून घ्यायची आणि आपलं झालं की पुढच्या घरी द्यायची. पाळी चुकली की पुढच्या पाळीपर्यंत थांबा. धुऊन झाल्यावर मशीनचं रबर फडक्याने कोरडं करायचं, ड्रायरच्या जाळीतला कापूस काढायचा, साबणाचा कप्पा उघडा ठेवायचा, फरशी पुसायची, आणि यातलं काही राहिलं तर दारावर चिठ्ठी लागते, अगदी सभ्य भाषेत, पण लागते. रात्री दहानंतर मशीन बंद. आणि रविवारी तर अजिबातच नाही, रविवार शांततेचा. माझी पाळी संध्याकाळची असते म्हणून दहापर्यंत माझी धावपळ चालते, बाकी काही नाही.

तर रविवारी कपडे नाहीत, दुकानंही बंद, म्हणून मी सिनेमाला गेले. घरापासून चालत जाण्यासारखं एक जुनं थिएटर आहे, एकच पडदा, लाल खुर्च्या. आणि बाबा, अर्ध्यावर सिनेमा थांबला, दिवे लागले, चक्क इंटरव्हल झालं! स्वित्झर्लंडच्या बऱ्याच थिएटरात अजून मध्यंतर असतं, शेजारी जर्मनीत सिनेमा सलग दाखवतात. लोक उठून आइस्क्रीम घ्यायला गेले आणि मी मान वळवून मागच्या भिंतीतल्या, ऑपरेटरच्या केबिनच्या चौकोनी काचेकडे बघत बसले. तिथे आता कोणी उभं नसतं, सगळं कॉम्प्युटरवर चालतं, माहितीये मला. तरी बघत होते.

दादाने तुम्ही ऑपरेटर होतात त्या आपल्या बंद पडलेल्या टॉकीजचे फोटो पाठवले. खुर्च्या ट्रकमध्ये भरल्यात, बुकिंगच्या खिडकीला फळ्या ठोकल्यात. त्याने असंही लिहिलंय की तुम्ही रोज संध्याकाळी तिकडे जाऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहता आणि घरी आलात की कोणाशी बोलत नाही. बाबा, मला इथून काही करता येत नाही याचं फार वाईट वाटतं. म्हणून निदान लिहिते.

तुम्ही म्हणता की आयुष्यभर अंधाऱ्या केबिनमध्ये उभं राहून काय शिल्लक राहिलं. मला विचारा ना. मी स्टुलावर उभी राहून तुमच्याकडे बघायचे. दोन प्रोजेक्टर मशीनं, दोन हजार फुटांचं रीळ म्हणजे वीस-बावीस मिनिटं, ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका यायचा, तुम्ही दुसरं मशीन चालू करायचात, पुन्हा ठिपका आला की चेंजओव्हर. खाली बसलेल्या कोणालाही कळायचं नाही की रीळ बदललं. तुटलेली फिल्म तुम्ही सोल्यूशन लावून जोडायचात तो वास मला अजून आठवतो. प्रोजेक्टरमध्ये उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळत असायच्या तेव्हाच्या गोष्टी तर तुम्ही कितीदा सांगितल्यात, सतत त्यांच्यातलं अंतर सांभाळायचं, नाहीतर पडदा पिवळा. चांदनी लावलात तेव्हाचं स्वित्झर्लंड मी आता खरं बघतेय. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, मी त्याच्यापाशी उभी राहून फोटो काढला तो तुमच्यासाठीच.

आणि फक्त आपलंच टॉकीज गेलं असंही नाही. मंडईत आपण गाडी लावतो तिथे आर्यन होतं, १९१५ सालचं, पुण्याचं पहिलं पक्कं थिएटर, तिथे आज पार्किंग आहे. डेक्कनचं हिंदविजय पुढे नटराज झालं आणि आता तिथे मॉल. भानुविलासही बंद. प्रभातचं तरी बरं झालं, १९३४ ला किबे घराण्याने बांधलेलं, भाडेकरार संपून २०१४ च्या शेवटी त्यांच्याकडे परत गेलं आणि किबे लक्ष्मी नावाने पुन्हा सुरू झालं. आजीने माहेरची साडी तिथेच पाहिला ना, रडून रडून पदर भिजवून आली होती. आणि अलका तर आहेच, चौकाला कागदावर लोकमान्यांचं नाव असलं तरी गणपतीची मिरवणूक अलका टॉकीजच्या चौकातच संपते.

यात तुमचं काय चुकलं सांगा? आधी व्हिडिओ आला, मग केबल. मल्टिप्लेक्सना सरकारने सुरुवातीची वर्षं करमणूक कर माफ केला आणि एका पडद्यावाल्यांनी मात्र तो भरत राहायचं. सायकल स्टँड आणि कँटीनवर थिएटरचा खर्च निघायचे दिवस गेले. सॅटेलाइटने सिनेमा यायला लागल्यावर रिळांच्या पेट्या बंद झाल्या आणि पेट्यांबरोबर ऑपरेटरचं कामही. २०२० च्या मार्चमध्ये कुलूप लागलं, मग कित्येकांनी ते काढलंच नाही. त्यात थिएटरच्या जागी दुसरं काही बांधायचं तर आत थिएटर ठेवायलाच हवं हा नियम, म्हणून काही मालक नुसतेच बसून राहिले. तुमच्या हाताने एकही शो बिघडला नाही, हे डोअरकीपर काकाही सांगतील.

एक मागणं आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत तुम्ही जी लॉबी कार्डं (थिएटरच्या दर्शनी भागात लावायचे ते सिनेमाचे फोटो), गाण्यांची पुस्तकं आणि फिल्मचे तुकडे ठेवलेत ते भंगारवाल्याला देऊ नका. आई म्हणाली तुम्ही तसं बोललात. लॉ कॉलेज रोडला फिल्म आर्काइव्ह आहे, १९६४ पासून, ते पोस्टर, पुस्तिका, फोटो सगळं जपतात. दादाला घेऊन एकदा जाऊन विचारा. तुम्हाला तिथे काय काय विचारतील, कुठल्या सिनेमाला कुठलं रीळ वारंवार तुटायचं, हे सांगणारी माणसं आता कितीशी उरलीत. मी आले की आपण दोघं मिळून यादी करू, पण माझी वाट बघत थांबू नका, उंदीर लागतात तिथे.

आता पैशांचं. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे या आठवड्यात पाठवते, चांगल्यातली लेन्स घाला, स्वस्तातली नको. टॉकीजकडून थकलेल्या हिशेबाचे पैसे अजून मिळाले नाहीत म्हणून बाबांनी कोणाकडे खेटे घालू नयेत, घराचा हप्ता मी भरते आणि भरत राहीन, मला ओझं होत नाही. दादाच्या लग्नाला मला फक्त चार दिवस सुट्टी मिळतेय. हळदीला असेन, पण पूजेला थांबता येणार नाही. वहिनीच्या घरच्यांना तूच समजावून सांग आई, मला फोनवर सांगवत नाही.

आणि कोथरूडच्या स्थळाला नाही कळवा. इथे एक मुलगा आहे, नागपूरचा, माझ्यासारखाच नोकरीला. आपल्या जातीतला नाही. स्वभावाने चांगला आहे, त्याच्या आईवडिलांना माहिती आहे. तुम्हालाही समोर बसून सांगायचं होतं पण कोथरूडच्या मुलाकडच्यांना उगाच ताटकळत ठेवणं बरोबर नाही म्हणून लिहिते. लगेच फोन करू नका, दोन दिवस विचार करा, मग करा. बाबा, तुम्ही बोलला नाहीत तर मला इथे कामात लक्ष लागणार नाही, म्हणून रागावलात तरी फोन कराच. शनिवारी दुपारी मी घरीच असते.

आजीच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा.

तुमची,
मनू