सुध्याला, ट्विन लेक्सहून आल्यावर

प्रिय सुध्या,

तुझ्या निरोपाला उत्तर दिलं नाही, रागावला असशील. तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो.

अलास्कात लेक क्लार्क नॅशनल पार्कला जाऊन आलो. सुमारे ४० लाख एकर रान आणि आत जायला रस्ताच नाही. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं अप्पर ट्विन लेकवर गेलो. काठावर डिक प्रोनेकीचं ओंडक्यांचं घर आहे. मूळचा डिझेल मेकॅनिक, नौदलात सुतारकाम केलेला. १९६७ साली स्प्रूसचे ओंडके तोडून ठेवले आणि पुढच्या उन्हाळ्यात, ५२व्या वर्षी, एकट्यानं घर उभं केलं. सगळं हातानं. बऱ्याच हत्यारांची नुसती पाती नेली, मुठी तिथल्याच लाकडाच्या घडवल्या. सुध्या, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या! मी दार तीनदा उघडलं-मिटलं. तू असतास तर गुडघ्यावर बसून खाचा चाचपत राहिला असतास, आणि विमान निघून गेलं असतं.

छपरावर शेवाळाचा जाड थर. कौलं की पत्रा यावरून तू माझ्याशी पावसाळाभर बोलला नव्हतास, आता याच्याशी भांड.

आणि तू म्हणतोस, आंजर्ल्याची जागा काढून टाकू. भाव चांगला येतोय, कबूल. सातबाऱ्यावर दोघांची नावं, म्हणजे माझी सही लागणार, हेही कळतं. पण ते घर आपण दोघांनी बांधायचं होतं ना रे? तू म्हणशील, प्रोनेकी सडाफटिंग, त्याला काय! पण त्यालाही सामान आणि पत्रं आणून द्यायला बेब अल्सवर्थचं विमान लागायचंच. तसा मला तू लागतोस. इतकी वर्षं आपले फोन कशावरून होतात? कुंपण पडलं, विहिरीला पाणी आलं, कलमं मेली. जागा गेली की काय बोलणार आपण? वाढदिवसाच्या शुभेच्छा? झोप लागत नाही मला याच्यापायी. प्रोनेकी तिथे ८२ वर्षांचा होईपर्यंत राहिला. आपल्याला अजून खूप वेळ आहे.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? अनूला शाबासकी सांग. तिच्या फीसाठी विकत असशील तर सरळ बोल, ते पैसे मी पाठवतो, परत कधी द्यायचे ते तू ठरव. मार्चमध्ये येतोय. तोवर कुणाकडून इसार घेऊ नकोस.

तुझा,
दिन्या