जुनं कपाट घेताय? आधी ते भिंतीपासून पुढे ओढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अँटिक आणि व्हिंटेज कपाटांनी घर कसं सजवावं यावर मोठा लेख आला होता, तो वाचला. फोटो एक नंबर, त्यात वाद नाही. पण एवढ्या सगळ्या फोटोंत एकाही कपाटाचं दार उघडं नव्हतं हो! कोपऱ्यात उभं, वर फुलदाणी, बाजूला दिवा, संपलं. आत खोली किती, ड्रॉवर सरकतो का, वास कसला येतो, पाठीला कसली फळी आहे, याबद्दल अवाक्षर नाही, उलट 'लूक' आणि 'कॅरेक्टर' मात्र दर दोन ओळींनी. अहो कपाट म्हणजे आधी सामान ठेवायची वस्तू, शोभा नंतर. ज्यांना खरंच जुनं कपाट घेऊन रोज वापरायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आत काय ठेवणार ते आधी ठरवा आणि मगच बघायला जा, नाहीतर आवडलेलं कपाट घरी येतं आणि त्यात काय ठेवायचं हे नंतर शोधत बसावं लागतं. कपड्यांचंच घ्या. आजचा साधा हँगर 43-45 सेंमी रुंद असतो, म्हणजे कपडे लटकवून दार नीट लागायला आतून 55 ते 60 सेंमी खोली हवी. जुनी बरीचशी कपाटं हुकांना कपडे अडकवायचे किंवा घड्या घालून ठेवायचे या हिशोबाने बनलेली, त्यामुळे खोली कमी भरते आणि हँगर तिरके लावावे लागतात. अशा वेळी दांडा आडवा न लावता पुढून मागे लावायचा, कपडे दाराकडे तोंड करून एकामागे एक लटकतात. कमी मावतात हे खरं, पण काही लोक खोली वाढवायला पाठ कापून काढतात, तसलं काही करू नका, पाठीमुळेच सांगाडा काटकोनात राहतो, ती गेली की दारं लोंबायला लागतात.

लायब्ररीतल्या पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांची जी छोट्या छोट्या ड्रॉवरची कपाटं असतात ती सध्या सगळ्यांना हवी आहेत. कार्डाचं माप साधारण 7.5 बाय 12.5 सेंमी, त्यामुळे ड्रॉवर अरुंद आणि लांबच लांब. कार्डं छापणं सगळीकडे बंद होत गेलं, ओसीएलसी या लायब्ररी संस्थेने तर शेवटची कार्डं 2015 मध्ये छापली, म्हणून ही कपाटं मोकळी होऊन बाजारात आली. दिसायला भारीच, पण त्यात बॅटऱ्या, दोऱ्याची रिळं, स्क्रू, चार्जरच्या वायरी असलंच काय ते मावणार, टॉवेल नाही. आणि प्रत्येक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून बघा, कार्डं अडकवायची खालची सळई जागेवर आहे का, आणि मागे ड्रॉवर अडवणारा खुंटा आहे का, तो नसला तर अख्खा ड्रॉवर पायावर येतो. नकाशे ठेवायची चपट्या ड्रॉवरची कपाटं पण तशीच, ए1 कागद 59.4 बाय 84.1 सेंमी असतो तो आडवा मावला पाहिजे, म्हणजे कपाट केवढं जागा खाणार बघा. चित्रं, चादरी, टेबलक्लॉथ यांना उत्तम, बाकी कशाला नाही. पुस्तकांसाठी मला विचाराल तर ग्लोब-वर्निकी पद्धतीची, एकावर एक रचायची काचेची कपाटं सगळ्यात शहाणी. काचेचं दार वर उचलून आत सरकवायचं, मजले वेगळे होतात, घर बदललं की एकेक मजला उचलून न्यायचा. फक्त मजल्यांची उंची सारखी नसते, आपलं सगळ्यात उंच पुस्तक मोजून जा.

आता वयाचा मुद्दा. ढोबळमानाने शंभर वर्षांच्या वरचं ते अँटिक, त्याच्या अलीकडचं व्हिंटेज, आणि विकणारा दोन्ही शब्द पाहिजे तसे वापरतो. म्हणून शब्द सोडा आणि कपाट भिंतीपासून पुढे ओढायला सांगा. समोरचा भाग कोणीही घासूनपुसून चकाचक करतो, पाठीला आणि ड्रॉवरच्या तळाला सहसा कोणी हात लावत नाही, खरी कुंडली तिथेच. टॉर्च न्या. फळीवर सरळ पण थोडे वेडेवाकडे ओरखडे दिसले तर हाताची करवत, आणि कमानीसारख्या गोल रेघा दिसल्या तर चक्राची करवत, जी साधारण 1830 नंतर सर्रास वापरात आली. मग ड्रॉवरचा कोपरा बघा. डव्हटेलचे, म्हणजे दोन फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या पंख्याच्या आकाराच्या जोडाचे, दात एकमेकांपेक्षा लहानमोठे, एखादा अगदीच बारीक, आखणीची रेघ अजून दिसतेय असं असेल तर हाताचं काम, सगळे दात छापल्यासारखे सारखे असतील तर मशीनचं, म्हणजे 19 व्या शतकाचा उत्तरार्ध किंवा नंतर. अमेरिकेतल्या काही ड्रॉवरना गोल खाचेत गोल खुंटी बसवलेला वेगळाच जोड दिसतो, नॅप जोड म्हणतात त्याला, पेटंट 1867 चं आणि 1900 च्या सुमारास तो बंदही पडला, त्यामुळे तो दिसला की काळ बऱ्यापैकी पक्का होतो.

स्क्रू पण बोलतात. 19 व्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रूला टोक नसायचं, बोथट असायचे, खाच थोडी बाजूला सरकलेली. आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो तो फिलिप्सचा, 1930 च्या दशकातला. अर्थात एखादा स्टार स्क्रू दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका, बिजागऱ्या आणि मुठी आयुष्यात दोनतीनदा बदलतातच. पण पाठीला प्लायवूड, तळाला पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) आणि समोर 'दीडशे वर्षांचं' असं असेल तर सरळ घरी या. पार्टिकल बोर्ड दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला आलं.

एक बारीक गोष्ट, जी मला फार आवडते. जुन्या दारांत चौकट असते आणि मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, डिंक लावलेला नसतो, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं आणि फुगतं, लांबीत जवळपास नाही. वर्षानुवर्षं ती फळी आकसत जाते आणि खाचेत लपलेली कड बाहेर येते. तिथे पॉलिश न लागलेल्या लाकडाची फिकट उभी रेघ दिसते, चौकटीला अगदी चिकटून. ती रेघ नकली करणाऱ्याच्या सहसा लक्षात राहत नाही. आणि मुठी बदलल्या असतील तर ड्रॉवरच्या आतल्या बाजूची जुनी भोकं मोजा, आत चार आणि बाहेर दोनच दिसत असतील तर समोर नवीन व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवलाय किंवा भोकं बुजवलीत. वरचं काचेचं कपाट आणि खालचं ड्रॉवरचं वेगवेगळ्या घरचं असून जोडी लावून विकायची पण पद्धत आहे, दोघांच्या पाठीच्या फळ्या जुळतात का बघायच्या. जोडीचं असलं म्हणून वाईट नाही, नंतर बनवलेली चांगली नक्कलही वाईट नाही, फक्त तसं सांगून विकावं एवढंच.

घुणाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. नेहमीच्या लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची भोकं 1 ते 2 मिमीची असतात, आणि भोक म्हणजे तो बाहेर पडून गेल्याची खूण, त्याआधी अळी आत काही वर्षं लाकूड खात असते. जुन्या भोकाची कड काळपट आणि धूळ बसलेली, नव्या भोकाची कड धारदार आणि आतून लाकूड फिकं. शंका असेल तर कपाटाखाली काळा कागद पसरून थोडे दिवस तसंच राहू द्या, ताजा भुसा पडला तर किडा जिवंत आहे. तोवर ते कपाट बाकीच्या फर्निचरपासून लांबच. आणि दार उघडून डोकं आत घाला, खरंच! डांबरगोळ्यांचा किंवा बुरशीचा वास लाकडात एकदा मुरला की सहजासहजी जात नाही. आतून चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पातळ हात मारला तर पुष्कळ दबतो, पण कुबट वास म्हणजे कुठेतरी ओल होती, ती आधी शोधा.

ओकच्या बंद कपाटात शिशाच्या वस्तू, पदकं, जुनी खेळणी असलं ठेवू नये हे पण सांगून टाकते, त्या लाकडातून ॲसिटिक ॲसिडची वाफ येते आणि शिसं पांढरं पडून झिजतं.

उंच कपाट भिंतीला पट्टीने अडकवलंच पाहिजे, वय कितीही असो. सगळे ड्रॉवर एकदम उघडले की वजन पुढे येतं आणि एखादं मूल पाय ठेवून चढलं तर संपलं. कुलूप चालू असेल आणि घरात मुलं असतील तर किल्ली काढून ठेवा, आत लपून कोंडलं जाण्याची भीती असते. जुन्या दारांची काच टफन्ड, म्हणजे फुटली तरी धारदार तुकडे न होणारी, नसते हेही ध्यानात असू द्या. बाकी जिन्याचं वळण आणि दरवाजा मोजायला मी सांगायला नको, पण बऱ्याच मोठ्या जुन्या कपाटांचे भाग सुटे होतात, वरची कार्निस, म्हणजे माथ्याची नक्षीची पट्टी, नुसती ठेवलेली असते, बाजू पाचरींवर असतात, तेव्हा विकणाऱ्याला समोर सोडवून दाखवायला सांगा आणि प्रत्येक भागावर आतून पेन्सिलीने नंबर टाका.

शेवटी त्या लेखातल्या एका टिपेबद्दल, जिच्यामुळे मी खरं तर लिहायला बसले. 'जुनं पॉलिश घासून काढा आणि चॉक पेंट (खडूसारखा मॅट दिसणारा रंग) मारा' असं बिनधास्त लिहिलंय. घासायच्या आधी ते काय आहे ते तरी बघा. आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापसाने थेंबभर स्पिरिट लावा, चिकट होऊन सुटायला लागलं तर ते चपडा लाखेचं पॉलिश, ते घासायची गरजच नसते, स्पिरिट आणि चपड्याच्या पातळ हाताने ते परत जुळून येतं, वर मेण लावलं की झालं. आणि आधीच रंगवलेलं जुनं कपाट असेल तर त्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं 1978 मध्ये बंद झालं, इतर देशांत आगेमागे, म्हणजे त्याआधीचं कपाट कोरडं घासलं तर ती धूळ तुमच्या आणि मुलांच्या पोटात जाणार. त्याचं टेस्ट किट मिळतं, निदान तेवढं तरी पुढच्या अंकात चौकट टाकून छापा ही विनंती.

आपली,
एक नेहमीची वाचक