यंदा होळीनंतर आम्हाला गावातच थांबायचं आहे : उतार बांधण्यासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

नाशिकहून पेठ रस्त्यानं सावळघाट ओलांडला की पुढे डोंगरउतारावर आमचा पाडा आहे. ३८ घरं, बहुतेक कोकणा, काही वारली. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कडी लागते. माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत मुक्कामी जातात, होळीला चार दिवस घरी येतात आणि पुन्हा जातात ती आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. बांध घालायचे, चर खणायचे, खाचरं नीट करायची, ही कामं नेमकी त्याच दिवसांतली. ती राहून जातात, आषाढात माती जाते, धान्य कमी पिकतं आणि दिवाळीनंतर पुन्हा बोचकं बांधावं लागतं. यंदा होळी करून कोणी परत जायचं नाही, असं पाड्याच्या बैठकीत ठरलं आहे. ते निभावता यावं म्हणून आम्ही आपल्यापुढे हात पसरतो आहोत.

आमच्याकडे पाऊस कमी नाही. पेठ-सुरगाण्यात वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त. पण खाली कातळ आणि वर वीतभर माती. पाणी थांबत नाही, दमणगंगा-पार-नारच्या वाटेनं पश्चिमेला निघून जातं आणि मार्चपासून बाया हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावतात.

जुन्या माणसांनी या उतारासाठी एक मांडणी बसवली होती. माथ्यावरचं रान राखायचं. त्याखाली वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत पहिल्या वर्षी नागली (नाचणी), दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी (कारळे) किंवा उडीद, आणि त्यानंतर जमीन काही वर्षं पड टाकायची. तळाशी बांधाच्या खाचरात भात. घरामागे परसबाग, तिथे न्हाणीचं पाणी अळूला आणि केळीला. ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर’ हा शब्द पुढे आणला. त्यात रोज लागणारं घराजवळ आणि क्वचित हात लावायचं ते लांब, अशी जमिनीची आखणी शिकवतात. मागच्या वर्षी एका शिबिरात तो नकाशा पाहून आमची एक आजी म्हणाली, “हे तं आपलंच घर काढलंय.” आता वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे झाले, त्यामुळे पड टाकायला कोणाकडे जागा उरली नाही. तीच मांडणी आजच्या तुकड्यांवर बसवायची तर दगडी बांध, समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) आणि बांधावर गिरिपुष्प या हिरवळीच्या खताच्या झाडाची लागवड यांना पर्याय नाही. गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडला की खताचा खर्चही वाचतो.

काही वर्षांपूर्वी एका योजनेत इथे मशीननं चर खणले. पातळी न बघता सरळ रेषेत. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी एका टोकाला गोळा झालं, तिथून फुटलं आणि खालच्या दोन खाचरांवर गोटे पसरून गेलं. ते दगड आम्ही अजून वेचतो आहोत. म्हणून या खेपेला प्रत्येक रेघ आम्हीच आखणार. तीन बांबू बांधून घोडी करायची, वरच्या टोकातून सुतळीला दगड लोंबता सोडायचा. सुतळी आडव्या बांबूवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची आणि घोडी पुढे फिरवायची. पाचवी-सहावीतल्या मुलांनी हे इतकं छान उचललं, की बांधबंदिस्ती करायच्या २६ एकरांपैकी ४ एकर त्यांनीच आखून ठेवले आहेत.

दुसरं काम बियाण्याचं. नागलीचं बी वर्षानुवर्षं टिकतं, कीड धरत नाही, आणि तिच्या १०० ग्रॅम दाण्यांत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हा शहरात नागलीच्या बिस्किटांना मागणी आली, पण आमच्याकडे हळवी (लवकर तयार होणारी) नागली जेमतेम सात घरांत उरली होती. चुलीवरच्या धुरात टांगलेली कणसं, राखेत घोळलेले उडीद, शेणमातीनं लिंपलेल्या कणगीतलं भाताचं बी, हे सारं चार-पाच म्हाताऱ्या बायांच्या हातात आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी घरच्या बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे पाहूनच आम्हाला धीर आला. आम्हालाही एका खोलीचं बीजघर करायचं आहे. शेर भर बी न्यायचं, सुगीला सव्वा शेर परत करायचं.

कणग्यांचा तळ लागतो त्या दिवसांत रानभाजीच घर सांभाळते. मृगाचे शिंतोडे पडले की शेवळं वर येतात. नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून सोबत काकड या रानझाडाची फळं घालतात. कुठलं किती उकळायचं, कुठला कंद किती वेळ वाहत्या पाण्यात ठेवायचा, हे चुकलं तर माणूस आजारी पडतं. पाड्यावरच्या मुली या बायांसोबत रानात जाऊन वहीत हे उतरवून घेत आहेत.

झऱ्याच्या पाण्याची वाटणी कशी करायची यावर बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी बागलाणातल्या फड पद्धतीचं उदाहरण निघालं. मोसम नदीवरच्या बंधाऱ्यांवर शेकडो वर्षं गावांनी पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा माणूस) नेमून, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, एकच पीक घेऊन पाणी वाटून घेतलं. आम्हीही दोन पाटकरी नेमले आहेत, त्यातली एक बाई आहे.

आता मागणं. होळीनंतर १८ दिवस, प्रत्येक घरातली दोन माणसं बांधांवर राबतील. रोजी ३०० रुपये धरली आहे. बागेत याहून जास्त मिळतात, ते पाड्यानं सोडून दिले. ३८ घरांचे ४,१०,४०० रुपये होतात. टिकाव, फावडी, पहारी, घमेली आणि बीजघर यांसाठी ६५,००० रुपये. घरटी ५०० रुपयांप्रमाणे १९,००० रुपये आम्ही जमवले आहेत. ३,६०० रुपये दिलेत तर एका घराला सहा दिवस थांबता येईल. ज्यांना तेवढं जमणार नाही त्यांनी ३०० द्यावेत, तोही एका माणसाचा एक दिवस आहे.

पैशांऐवजी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दिल्यात तरी चालतील, ऑक्टोबरमध्ये ओढ्यावर वनराई बंधारा (माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध) घालताना त्या लागतील. रविवारी श्रमदानाला या, भाकरी आणि उडदाचं भुजं आमच्याकडून. विकतचं संकरित बियाणं मात्र कृपया देऊ नका. त्याचं बी पुढच्या वर्षी धरता येत नाही, आणि जुने कपडे ठेवायला आमच्याकडे जागा नाही.

रक्कम समितीच्या बँक खात्यातच घेतली जाईल आणि पावती मिळेल. जमाखर्च दर अमावास्येच्या बैठकीत वाचला जातो, देणगीदारांनी येऊन वही पाहावी. हे पत्र ज्या सदस्यानं आपल्याला दिलं त्याच्याकडे होळीच्या आठ दिवस आधी नाव नोंदवा, म्हणजे बागांकडे परत जायचं नाही असं आम्हाला घरोघरी खात्रीनं सांगता येईल.

आपले,
पाड्याची ग्रामसमिती आणि महिला बचत गट
तालुका पेठ, जिल्हा नाशिक