आसामातल्या दुलियाजानहून आई-बाबांना

प्रिय आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तेल तिथं निघतं, मग तिथल्या माणसांना काय मिळतं?" मला नीट उत्तर देता आलं नाही. 'नोकऱ्या मिळतात' एवढंच म्हणाले आणि रात्रभर ते मनात खुपत राहिलं. विचारणारे बाबा होते, ज्यांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे.

आई, तू विचारलंस की जमिनीखाली तेलाचं तळं असतं का, आणि आपल्याकडे तेल का नाही, ते आधी सांगते. तेलाचं तळं जमिनीखाली नसतं. रव्यात तूप मुरावं तसं ते वाळूच्या खडकात मुरलेलं असतं. रिगवर, म्हणजे विहीर खणायच्या यंत्रावर, ड्रिलिंग चालू असताना चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो. तो धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, मग निळसर दिव्याखाली धरायचा, हे माझं काम. तेल असेल तर तो चुरा पिवळसर चमकतो. पहाटे तीन वाजताही ते दिसलं की झोप उडते.

आपल्याकडे का नाही, तर आपल्याखाली तसला खडकच नाही. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठण्याला शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. जिथं तेल पिकतं आणि साठतं, तो गाळाच्या खडकाचा थर मधे आलाच नाही.

इथली गोष्ट जुनी आहे. १८८९ साली दिग्बोईच्या जंगलात विहीर खणायला घेतली आणि १९०१ मध्ये तिथंच रिफायनरी सुरू झाली. ती आजही चालते. मी दरवाज्याशी उभी राहून आले. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये नाहरकटियाला मोठा साठा लागला, आणि बाबा, तुमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. गुवाहाटीजवळ नूनमातीला छोटी रिफायनरी आली १९६२ मध्ये. मोठी मात्र बिहारमध्ये, बरौनीला. तिथवर ११५७ किलोमीटरची पाइपलाइन टाकली आणि इथलं तेल तिकडं वाहू लागलं. लोकांच्या मनात ते सलत राहिलं. परदेशी स्थलांतरितांविरुद्धच्या आसाम आंदोलनात १९८० मध्ये त्यांनी तेल अडवलं. 'रक्त देऊ, तेल देणार नाही' ही त्यांची घोषणा होती. माझ्या शेजारच्या काकू आसामीतून ती म्हणून दाखवतात, तेव्हा अजून त्यांचा आवाज चढतो. आंदोलकांच्या केंद्र सरकारशी झालेल्या १९८५ च्या आसाम करारात आणखी एका रिफायनरीचं वचन मिळालं. ती नुमालीगढला उभी राहिली, पण २००० साल उजाडावं लागलं.

हे ऐकताना मला आज्जी आठवली. कोयनेच्या पाण्यावर पोफळीला वीज तयार होऊन मुंबईकडं निघाली होती, आणि जिनं त्यासाठी घर सोडलं ती आज्जी रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन उभी. तुम्ही चिमणीच्या उजेडात अभ्यास केलात. काकूंना मी हे सांगितलं, तर त्यांनी माझा हात हातात घेतला.

मिळालं काहीच नाही असं मात्र नाही, बाबा. राज्याला रॉयल्टी मिळते. तेलाबरोबर येणारा गॅस पूर्वी नुसता जाळून टाकायचे. पुढं त्यावर नामरूपला खताचा कारखाना आणि वीजकेंद्र आलं. चहाच्या मळ्यांतही पाइपनं गॅस जातो, त्यावर पत्ती वाळवतात. आई, तुझ्या सकाळच्या चहातही तो असेल कदाचित.

पण किंमतही इथल्यांनीच मोजली. मी यायच्या आधी, २७ मे २०२० ला बागजानची एक गॅसविहीर उसळली. ९ जूनला तिनं पेट घेतला. अग्निशमन दलाचे दोन जवान दगावले, माणसं छावण्यांत राहिली, शेजारच्या मागुरी बील या पाणथळीतली मासळी मेली. आग पूर्ण विझायला नोव्हेंबर लागला. म्हणून रिगवर गॅसच्या आकड्यात जरा फरक दिसला, तरी मी लगेच ओरडते. कुणी हसलं तरी चालेल. तुम्ही माझी काळजी करता, मला त्या विहिरीशेजारी भात लावणाऱ्या माणसांची वाटते.

तेव्हा बाबा, माझं उत्तर असं आहे. मिळतं, पण मागावं लागतं, भांडावं लागतं आणि फार उशिरा मिळतं. ज्याची जमीन त्याचा वाटा पहिल्या दिवशीच कागदावर यायला हवा. तुम्ही धरणग्रस्तांच्या मोर्चाला जायचात, तेव्हा मी 'आता काय उपयोग' म्हणायचे. ते माझं चुकलं.

आई, गुडघ्याला तेल लावून शेकत जा, जिना सारखा चढू नकोस. चहापत्तीचं पार्सल पाठवलंय. मला मे महिन्यात पंधरा दिवस सुट्टी आहे. तोवर कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी उतरलेलं असेल. बाबा, आपल्या देवळाचं जोतं उघडं पडतं म्हणता, तिथं मला घेऊन चला. घर कुठं होतं तेही दाखवा.

तुमची,
ताई