लाल रेघांमागचं कारण शोधून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमची टीम वेगळी, तुमची स्वतःची रिलीज तोंडावर आलेली, तरी दुपारभर तुम्ही माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलात. त्याबद्दल सगळ्यांसमोर आभार मानायचे आहेत. आमच्यासारखाच त्रास सोसणारे इथे बरेच जण असतील, म्हणून काय झालं तेही सांगतो.

आमची क्लाउडफॉर्मेशनची (एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेत सर्व्हर वगैरे फाइलीतल्या वर्णनावरून उभं करणाऱ्या सोयीची) टेम्प्लेट व्हीएस कोड या एडिटरमध्ये उघडली की ‘!रेफ’, ‘!सब’, ‘!गेटअ‍ॅट’ असा टॅग (खूण) असेल त्या प्रत्येक ओळीखाली लाल रेघ यायची आणि ‘अनरिझॉल्व्ड टॅग’ असा एरर दिसायचा. डिप्लॉय (प्रत्यक्ष वापरात आणणं) मात्र सुरळीत व्हायचं. त्यामुळे टीममधल्या बहुतेकांनी यामलचं (या फाइली ज्या मांडणीत लिहितात तिचं) व्हॅलिडेशनच, म्हणजे तपासणीच, बंद करून टाकलं होतं. तुम्ही त्याला ठाम नकार दिलात. आधी टर्मिनलमध्ये एडब्ल्यूएसचीच ‘व्हॅलिडेट-टेम्प्लेट’ कमांड चालवलीत, ती पास झाली, आणि मग मला विचारलंत, “आता सांग, ही तक्रार नक्की करतंय कोण?”

तक्रार एडिटरमधलं यामलचं एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) करत होतं, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं. एका उद्गारचिन्हाने सुरू होणारे टॅग ज्या त्या प्रणालीचे स्वतःचे असतात. क्लाउडफॉर्मेशनमध्ये यामल आलं 2016 मध्ये, आणि हे आखूड टॅगही त्यासोबतच. यामलच्या सर्वसाधारण नियमांत ते असणार कुठून? एक्स्टेंशनला त्यांची ओळख आपणच करून द्यायची असते, ‘यामल डॉट कस्टमटॅग्ज’ या सेटिंगमध्ये. तिथली खुबी तुम्ही दाखवली नसतीत तर मी नक्की अडकलो असतो: ‘!सब’ कधी साध्या मजकुरासोबत येतो, कधी यादीसोबत, म्हणून त्याची नोंद ‘स्केलर’ आणि ‘सीक्वेन्स’ अशी दोन्ही प्रकारे करावी लागते. ‘!गेटअ‍ॅट’चंही तसंच.

दुसरा गुंता याहून फसवा होता. रात्रीच्या ऑन-कॉलसाठी (बिघाड झाला तर धावून जायच्या पाळीसाठी) आम्ही ‘प्लेबुक्स’ नावाच्या फोल्डरमध्ये स्वतःच्या यामल फाइली ठेवतो. तिथे पहिल्याच ओळीवर एरर यायचा की इथे अ‍ॅरे (यादी) हवा. तुम्ही खालच्या स्टेटस बारवर बोट ठेवलंत. तिथे अ‍ॅन्सिबलच्या स्कीमाचं (फाइलीत काय कसं असावं याच्या नियमावलीचं) नाव होतं! अ‍ॅन्सिबल म्हणजे सर्व्हरची कामं आपोआप करणारं साधन, त्याच्या फाइलींना प्लेबुक म्हणतात. एक्स्टेंशन फाइलच्या आणि फोल्डरच्या नावावरून स्कीमा स्टोअर या तयार स्कीमांच्या संग्रहातला स्कीमा उचलतं, आणि प्लेबुक म्हटलं की अ‍ॅन्सिबल, असा त्याचा हिशोब. तुम्ही आमच्या फाइलींसाठी छोटा जेसन स्कीमा लिहून दिलात आणि ‘यामल डॉट स्कीमाज’मध्ये त्या फोल्डरला जोडलात. मला सर्वांत जास्त भावलं ते हे. नुसता एरर घालवायचा असता तर फोल्डरचं नाव बदलूनही भागलं असतं. आता मात्र कुणी ‘सिव्हिरिटी’मध्ये (बिघाड किती गंभीर ते) चुकीचं मूल्य टाकलं तर एडिटर लगेच अडवतो.

खोट्या रेघा गेल्यावर शेजारच्या टॅबमधल्या फाइलीत एकच लाल रेघ उरली होती, ‘मॅप कीज मस्ट बी युनिक’. एकाच नावाची ‘की’ (नोंदीचं नाव) दोनदा आली होती, दोन वेगळ्या टाइमआउटसह. तो एरर खरा होता आणि इतके दिवस त्या गर्दीत कुणाच्या नजरेला पडला नव्हता. तेव्हा कळलं, व्हॅलिडेशन बंद करायला तुम्ही एवढा विरोध का केलात ते.

सगळ्या सेटिंग्ज तुम्ही माझ्या मशीनपुरत्या न ठेवता प्रोजेक्टमधल्या ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरात टाकून कमिट करायला लावल्यात. गेल्या आठवड्यात आलेल्या नव्या मुलीने रेपो (प्रोजेक्टच्या फाइलींचा साठा) क्लोन केला, फाइल उघडली आणि थेट कामाला लागली. तिला यातलं काही सांगावंच लागलं नाही.

मनापासून आभार, ताई. स्कीमात आम्ही दोन नवी फील्ड घातली आहेत. सवड मिळाली की त्यांच्यावर एकदा नजर टाकाल का?

तुमचा,
शेजारच्या सपोर्ट टीममधला सहकारी