फाइली पस्तीत (रद्दीत) जायच्या आत या: आपल्या नोटिशींच्या कामासाठी कळकळीचं आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद, आणि सभासद नसूनही कोजागिरीच्या दुधाला न चुकता हजर असणारे हितचिंतक, सप्रेम नमस्कार.

मुद्द्याचं आधी सांगतो, मागच्या वेळी शेवटी लिहिलं होतं तर तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ज्या वाड्यात आपल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली आहेत तो वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत, तिथे फ्लॅट होणार. मालकांना दोष देऊ नका, त्या माणसाने इतकी वर्षं एक रुपया भाडं घेतलं नाही, वर लाइटबिलही स्वतःच भरलं, आणि आता त्यांची मुलं पुण्याला आणि कॅनडात, त्यांनी तरी किती दिवस आपली कागदं सांभाळायची. पण आपल्याकडे दुसरी खोली नाही, आणि माणसं तर त्याहून नाहीत. मी, खजिनदार आणि गुडघे दुखतात म्हणून खालीच बसणाऱ्या आपल्या उपाध्यक्षा, असे तीनच जण उरलोय.

नवीन मंडळींसाठी, आपण नक्की काय करतो ते. आपण जुन्या बडोद्याच्या पेपरातल्या बातम्या नाही वाचत, नोटिशी वाचतो. अग्रलेख वाचायला पीएचडीवाले येतात, फोटो काढतात, जातात. शेवटच्या पानावरचं मुंगीएवढ्या टायपातलं कोणी बघत नाही आणि आपली सगळी माणसं तिथेच बसलीयत. कोणी दत्तक घेतला, कोणाच्या वाटण्या झाल्या, कोणाचं घर गहाण पडून लिलावाला निघालं, कोणाचा मुलगा पळाला, कोणी वारलं आणि वारस कोण, अमक्याशी आमचा देण्याघेण्याचा संबंध राहिला नाही सबब त्यास उधार देऊ नये, हे सगळं. घरातली माणसं जे चार पिढ्या बोलली नाहीत ते तिथे पैसे भरून छापलेलं असतं.

आणि पेपरांची आपल्याकडे कमी नव्हती हो. दामोदर सावळाराम यंदे यांनी 1885 ला ‘बडोदावत्सल’ काढलं, 1893 ला ‘श्रीसयाजीविजय’, मग 1917 ला भगवंतराव पाळेकरांची ‘जागृति’, सत्यशोधक बाण्याची. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी 1906 ला सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1910 ला अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपाल साहेबाला बोलावून गावोगाव वाचनालयं उभी केली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यात फिरवल्या, त्या गावातल्या लोकांना आज आपल्या खापरपणजीचं नाव सांगता येत नाही. मला पण येत नव्हतं, म्हणून तर या कामात पडलो.

ती गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलीय पण परत सांगतो. आमच्या घरात पक्कं ठरलेलं होतं की पणजोबा विरक्त झाले, दत्तभक्त टेंबे स्वामींच्या ओढीने गरुडेश्वरला गेले आणि नर्मदाकाठीच राहिले. स्वामींनी 1914 ला तिथे समाधी घेतली हे खरंच आहे, त्यामुळे गोष्ट अगदी फिट बसायची आणि आमच्या आजीने त्यावर आयुष्यभर दत्तजयंतीचा प्रसाद केला. मग एका रविवारी फाइल चाळताना खापरपणजोबांची नोटीस सापडली. मुलगा घरातून निघून गेला आहे, वय, उंची, रंग सावळा, बोलताना किंचित अडखळतो, उजव्या कानात भिकबाळी होती ती आता असेलच असे नाही. हे शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. बापाला माहीत होतं पोरगा पहिली काय विकणार ते. पुढे काही महिन्यांनी दुसरी नोटीस, त्यात राग आहे, त्यास कोणी कर्ज दिल्यास आम्ही जबाबदार नाही. आणि मग बऱ्याच वर्षांनी तिसरी, वारसाची, पणजोबा वारल्यावरची, आणि पत्ता गरुडेश्वरचा नाहीच, डभोईचा. साधू कसले, नॅरोगेजच्या रेल्वेत नोकरीला होते! (डभोई-मियागामची ती लाइन 1862 ची, सुरुवातीला बैल ओढायचे डबे, हे आपल्या मुलांना तरी सांगा.) वारसांत एक अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, मुलगा आणि त्याची आई, म्हणजे दुसरं बिऱ्हाड. आता त्या घरचे नातू, माझे चुलतभाऊच की, दर दिवाळीला येतात. आजीला मात्र मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, तिचा प्रसाद चालू राहू दिला, बरोबर केलं की चूक ते माहीत नाही.

तर असं काम आहे. ते वाटतं तितकं सोपं नाही आणि ‘ऑनलाइन मिळत नाही का’ असं विचारणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. एका नोटिशीत शक, दुसरीत संवत, आणि गुजरातचं संवत कार्तिकात बदलतं, उत्तरेतल्यासारखं चैत्रात नाही, म्हणून इसवी सन काढायला संवतातून सरसकट 57 वजा केले तर दिवाळी ते डिसेंबर बरोबर येतं आणि पुढचं अख्खं वर्ष चुकतं, तिथे 56 लागतात. आपल्या एका सभासदांनी याच घोळात आपल्या आजोबांचा जन्म पणजोबांच्या लग्नाच्या आधी लावला होता आणि घरी केवढं रामायण झालं. रकमा जुन्या नोटिशीत बाबाशाही, म्हणजे बडोदा संस्थानच्या रुपयात असतात, नंतरच्यात कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयात, त्या एकात एक मिसळू नयेत. नावापुढे ‘अ.पा.क.’ दिसलं तर ते अज्ञान पालन कर्ता, म्हणजे पोर लहान आहे आणि व्यवहार आई नाहीतर काका बघतोय. एक ताई दोन महिने अपाक नावाच्या पूर्वजाला शोधत होत्या, त्या हे वाचत असतील तर रागावू नका, प्रेमानेच लिहितोय. आणि बायकांचं तर विचारूच नका, अमक्याची विधवा, तमक्याची आई, एवढंच. माहेरचं नाव कधी सापडतं तर भाऊ किंवा मामा वारसाला हरकत घेतो तेव्हा. म्हणजे भांडण झालं असेल तरच बाईचा पत्ता लागतो.

आता ज्यांनी हे उभं केलं त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपले रेल्वेतून रिटायर झालेले काका, नाव लिहिलं तर वरून ओरडतील, त्यांनी अकरा वर्षं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आडनावांची सूची केली. एका बाजूला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ आणि मागे कोणाच्या तरी पणजोबांचा लिलाव. बुटांच्या नऊ खोक्यांत आहे ती सूची आणि आजही दहा मिनिटांत नाव सापडतं, कॉम्प्युटरवाल्यांनी हेवा करावा. काका मागच्या वर्षी गेले. काकूंनी तेराव्यानंतर आठ दिवसांत खोलीला पंखा लावून दिला, म्हणाल्या ते घामाघूम होऊन यायचे, निदान पुढच्यांना वारा. रावपुऱ्यातल्या ज्या घराने लोखंडी कपाट दिलं त्यांचेही आभार, एक दार लागत नाही पण वाळवी तर लागत नाही ना. सुरतहून दर महिन्याला न चुकता शंभर रुपये पाठवणाऱ्या मावशी, तुम्हाला दंडवत. 2018 ला साहित्य संमेलन चौथ्यांदा बडोद्याला आलं (आधी 1909, 1921, 1934) तेव्हा आपण एक टेबल मांडून बसलो होतो, नागपूरच्या एका आजोबांना तिथल्या तिथे त्यांच्या वडिलांच्या मुंजीचं आभारपत्र सापडलं आणि ते खुर्चीत बसून रडले, तो दिवस मी विसरणार नाही. आणि ऑगस्ट 2024, विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आपल्या पोळीतल्या (गल्लीतल्या) चार पोरांनी, ज्यांतल्या तिघांना मराठी वाचता पण येत नाही, कमरेएवढ्या पाण्यातून फाइली डोक्यावर घेऊन माळ्यावर चढवल्या. खालच्या फळीवरच्या तेवढ्या भिजल्या. त्यांतल्याच एकीत 1927 च्या पुराच्या वेळचे अंक होते, आता काय बोलणार.

त्यानंतर मी मदतीचा मेसेज टाकला होता. एकोणतीस जणांनी हात जोडले, सहा जणांनी फुलं टाकली, एकाने ‘खूप स्तुत्य उपक्रम’ लिहिलं, आणि प्रत्यक्षात आले दोघे, त्यांतला एक पत्ता चुकून आला होता. मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. वाडा रिकामा होणार कळल्यावर एका मोठ्या ठिकाणी, नाव घेत नाही, रीतसर अर्ज घेऊन गेलो तर तिथल्या साहेबांनी फाइल उघडूनही न बघता सांगितलं की रद्दी ठेवायला जागा नाही. रद्दी! मी नमस्कार करून बाहेर आलो आणि समोरच्या हातगाडीवर सेव-उसळ खाल्ली, दुसरं काय करणार. पण आपल्याच लोकांच्या मुलांना परदेशच्या व्हिसासाठी, वारसाच्या केससाठी आजोबांचं नाव हवं असतं तेव्हा रात्री दहाला फोन येतो, हेही लक्षात असू द्या.

तर काय हवंय ते पटापट. पहिली गरज माणसांची, दसऱ्यापासून दर रविवारी सकाळी 9 ते 12, फाइली पुसणं, नंबर घालणं, फोटो काढणं, मराठी वाचता आलं तर उत्तम, मोडी यायची गरज नाही, छापील सगळं बाळबोधच (देवनागरी) आहे. कागद हातात तुटतो म्हणून पानं दोन्ही हातांनी उलटायची, थुंकी लावायची नाही, सेलोटेप आणणाऱ्याला आत घेणार नाही, लॅमिनेशन तर बोलूच नका. दुसरं, कोरडी खोली, तळमजला नको, कारेलीबाग, रावपुरा, बाबाजीपुरा कुठेही, दहा बाय दहा पुरे, निदान दोन वर्षं. तिसरं, पैसे, ज्याला जे जमेल ते, एकावन्नही चालतील, कापडी बस्ते, पुठ्ठ्याची खोकी, टेम्पो आणि फोटो काढायचा स्टँड एवढाच खर्च आहे, पावती खजिनदार देतील, इन्कमटॅक्सची सवलत आपल्याला नाही तेव्हा विचारू नका, हिशोब आतापर्यंत पैन् पै नोटिस बोर्डावर लागलाय आणि यापुढेही लागेल. चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं होतं, वर लिहायला हवं होतं, घरात माळ्यावर, ट्रंकेत, देवाच्या पोथ्यांखाली घातलेला जुना पेपर असेल तर पस्तीवाल्याला देण्याआधी मला फोन करा, फाटका चालेल, अर्धा चालेल, आम्ही फोटो काढून परत देऊ. नंबर ग्रुपवर आहेच. ज्यांना आपल्या घराण्याचं बघायचंय त्यांनी आडनाव, पोळ आणि अंदाजे काळ कागदावर लिहून आणावा, नुसतं ‘आमचे आजोबा सरकारात होते’ एवढ्यावर नाही शोधता येत, बडोद्यात सगळ्यांचेच आजोबा सरकारात होते.

आपला,
कार्यवाह (तिसऱ्यांदा, दुसरं कोणी हात वर केला नाही म्हणून)

ता.क. मागच्या रविवारी कोणीतरी वाचायचा चष्मा विसरून गेलंय, काळी फ्रेम, एक काडी दोऱ्याने बांधलेली. खोका नंबर 4 वर ठेवलाय, घेऊन जावा. रविवारीच या न्यायला, म्हणजे दोन फाइली पुसूनही होतील.