मुकादम काका, तुमच्या मोरीतून यंदाही पाणी गेलं

मुकादम काकांना सादर नमस्कार,

गावाहून फोन आला की तुमचा पहिला प्रश्न असतो, "ताई, लाइन कशी आहे?" लाइन म्हणजे माझ्या बागेतली छोटी रेल्वे. घरच्यांची चौकशी नंतर. मी आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नात वाचून दाखवेल तेव्हा तिला मध्येच थांबवू नका.

नेरूळच्या आमच्या घरामागच्या बागेत ही छोटी रेल्वे आली ती माथेरानच्या गाडीच्या वेडापायी. (नेरूळ लिहिलं तरी लोक नेरळच वाचतात, मला ते आवडतं.) 1907 पासून नेरळहून डोंगर चढणाऱ्या त्या गाडीच्या दोन रुळांत 610 मिलिमीटर अंतर, माझ्या रुळांत 45. इंजिन, डबे, छोटं स्टेशन यांवर मी वर्षभर जीव ओतला. रुळाखाली काय असावं याचा विचारच केला नव्हता.

मग जून आला. पहिल्याच मोठ्या पावसात मातीसकट अर्धा मार्ग तुळशीपाशी वाहून गेला. मी सगळं खोक्यात भरत होते आणि तुम्ही छत्री घेऊन फाटकात उभे राहिलात. इंजिनाकडे तुम्ही बघितलंही नाहीत. "पावसाला दोष देऊ नका. पाणी कुठून येतं न कुठं जातं, ते आधी बघा," म्हणालात आणि दहा मिनिटं नुसते पाणी बघत राहिलात. कर्जत-लोणावळा घाटात पावसाळ्याच्या रात्री हातात बत्ती आणि पिशवीत गाडीला इशारा द्यायचे फटाके घेऊन रेल्वेची लाइन तपासत चाललेल्या माणसाचं ते बघणं होतं, हे मला नंतर कळलं.

पाऊस उघडल्यावर तुम्ही चर खणायला लावलात. उभा चिरलेला पीव्हीसी पाइप पालथा घालून रुळाखालून पाणी जायला दोन मोऱ्या काढल्यात. मी मत्स्यालयाचे गुळगुळीत गोटे अंथरले होते, ते काढून टाकलेत, कारण गोल दगड एकमेकांवरून घसरतात. त्याजागी क्रशरची, म्हणजे फोडलेल्या दगडाची, कच आणवलीत, तिचे कोन एकमेकांत अडकून बसतात. सत्तरी उलटलेली असताना उकिडवे बसून चमच्याच्या दांड्याने ती कच तुम्ही रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांखाली ठासत होतात. मग गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत बघितलंत आणि करंगळीने एक रूळ केसभर सरकवलात. तेवढ्याने गाडीचं डुलणं थांबलं.

पावसाळ्यात काय करायचं तेही तुम्हीच ठरवलंत. माथेरानला त्या दिवसांत नेरळपासून अमन लॉजपर्यंतची गाडी बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल चालू राहते. तसंच आता आमच्याकडे. मोठा फेरा बंद, पत्र्याखालचा छोटा तुकडा चालू. गोपाळकाल्याला आळीतली पोरं त्याच शटलमधून लाह्या फिरवतात.

उन्हाळ्याचा धडा वेगळा. भिंतीलगतचा सहा मीटर सरळ मार्ग मी डिसेंबरात घट्ट जोडून दोन्ही टोकांना सिमेंट लावलं होतं. एप्रिलच्या दुपारी तो मधोमध सापासारखा वळला. पितळेचा तेवढा रूळ 30 अंशांनी तापला की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. तुम्ही सिमेंट फोडलंत आणि पुढच्या थंडीत प्रत्येक सांध्यात हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा धरून त्याच्या जाडीएवढीच फट ठेवायला शिकवलंत. तुकडा काढायचा, फट राहू द्यायची. त्यानंतर मार्ग कधी वळला नाही.

थंडीत बदामाची लाल पानं पडतात तेवढाच त्रास. झाडू मारला की गाडी मोकळी.

लहानपणी तुम्ही बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या गाडीने प्रवास केलात, ती आता ब्रॉडगेज झाली. माझ्या गाडीची शिटी ऐकून तुम्ही एकदा बराच वेळ गप्प बसला होतात. मी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ही लाइन माझ्याइतकीच तुमचीही आहे असं मी धरून चालते.

ब्लेडचा तुकडा माझ्या हत्यारांच्या पेटीत जपून ठेवलाय. यंदाच्या पहिल्या पावसात पहिल्या मोरीतून पाणी खळखळत गेलं. दुसरीतून मात्र सावकाश जातंय, बहुधा पलीकडे माती बसलीय. दिवाळीला याल तेव्हा एकदा बघून घ्या. तोवर मी तिला हात लावत नाही.

तुमची,
समोरच्या घरातली ताई